स्कॅनर कुणाच्या नावाचा?

बयो,

परवा तुझ्याकडून निघताना तू पोळ्यांचं पुडकं हातात कोंबलंस आणि पैसे घ्यायला काही तयार होईनास. सकाळची वेळ, भवानी व्हायची होती. फुकट कसं न्यायचं? चपला घालता घालता मी काउंटरवरच्या स्कॅनरसमोर मोबाइल धरला आणि शंभराचा आकडा टाकला. पडद्यावर नाव आलं ते तुझ्या ह्यांचं. लगेच तो छोटा खोका ठणकावून बोलला, शंभर रुपये मिळाले म्हणून. तू आत तव्यापाशी होतीस, हात पिठाने भरलेले. पहाटे साडेचारला उठून कणीक तिंबलीस तू, आणि मिळाले त्यांना.

मी तेव्हा काही बोलले नाही. बदलापूर लोकलला खिडकी मिळाली तरी डोक्यातून ते जाईना. त्यात रात्री तुझा फोन. "ताई, ठाण्याला एका लॅबमध्ये बिलिंगला घेतायत. अठरा हजार. जाऊ का?" मी म्हटलं, उद्या सांगते. फोनवर आपलं अर्धं बोलणं कुकरच्या शिट्टीत जातं, म्हणून सगळं सलग लिहून पाठवतेय. दुपारी मुलं नसताना वाच. आणि रागावू नकोस, थोडं टोचेल.

तो स्कॅनर तिथे कसा आला, आठवतं ना? मार्च २०२०. जनता कर्फ्यूच्या रात्रीपासून लोकल थांबली आणि तुझं ट्रॅव्हल्सचं ऑफिसही. एप्रिलला अर्धा पगार आला, मे महिन्यात काहीच नाही, आणि जूनमध्ये "परिस्थिती सुधारली की बोलावू" असा निरोप. ते बोलावणं अजून यायचंय. तुझ्या ह्यांची टुरिस्ट गाडी सोसायटीच्या आवारात धूळ खात उभी, हप्ता मात्र चालू. जुलैमध्ये समोरच्या इमारतीतलं एक कुटुंब घरातच विलगीकरणात अडकलं आणि तू त्यांना डबा द्यायला लागलीस. एकाचे आठ झाले. रोख पैशाला हात लावायला तेव्हा लोक घाबरत होते, म्हणून स्कॅनर हवा होता. घरात स्मार्टफोन दोन. तुझा फोन सकाळपासून चिरंजीवांच्या ऑनलाइन शाळेला बांधलेला. मग "तात्पुरता" ह्यांच्या नंबरवर स्कॅनर काढला.

त्यात वाईट काहीच नव्हतं. बुडत्याने ओंडका कुठल्या झाडाचा हे विचारायचं नसतं. पण पुढे २०२१ मध्ये ह्यांची गाडी रस्त्यावर आली, त्यांचं काम सुरू झालं, मुलगा शाळेत जायला लागला, फोन तुझ्या हातात परत आला. तू भाड्याने गाळा घेतलास, डबे आठाचे चाळीस झाले. स्कॅनर तोच राहिला.

मला तुला सांगायचं आहे ते एवढंच. त्या दोन वर्षांत आपण जे जे तात्पुरतं म्हणून केलं, ते कुणी मोडलंच नाही. साथ गेली, सोय राहिली. माझ्या कंपनीत अकाउंट्सला आम्ही तिघी होतो. त्यातली एक गावी गेली ती गेलीच. तिचं काम आम्हा दोघींना तात्पुरतं वाटून दिलं. कापलेला पगार पुढच्या वर्षी पूर्ववत झाला, पण तिची खुर्ची अजून रिकामी आहे आणि तिच्या फायली माझ्याच टेबलावर. शेजारचा मुलगा कायम नोकरीत होता, त्याला तात्पुरता एजन्सीच्या पे-रोलवर टाकला, तो अजून तिथेच. धंदे सावरले ते खरंच, पण कितीतरी ठिकाणी या तात्पुरत्या सोयींच्या टेकूवर. म्हणून आता नोकरी घे नाहीतर डबे चालव, पण त्याआधी घरभर फिरून बघ, की कोणकोणती तात्पुरती सोय अजून तुझ्या अंगाखांद्यावर उभी आहे.

काम कसं परत आलं तेही आपण डोळ्यांनी पाहिलंय. मुंबईच्या बाजूला काम लोकलच्या दारातून आत येतं. १५ जून २०२० पासून लोकल अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, म्हणजे नर्सला डबा होता, पण त्याच हॉस्पिटलसमोर चहा विकणारीला नव्हता. बायकांना सरसकट प्रवासाची परवानगी मिळाली २१ ऑक्टोबरला, ऐन नवरात्रात, आणि तीही सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. मला आठवतं, तू चिडून म्हणाली होतीस, "अकरानंतर कुठलं ऑफिस उघडतं गं?" सगळ्यांना वेळेच्या बंधनात दार उघडलं १ फेब्रुवारी २०२१ला. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत परत बंद. मग १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवेश. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष तुझ्यासारख्या डोंबिवलीच्या बाईला ठाण्याची नोकरी परदेशाइतकी लांब होती. त्या काळात ज्यांचं काम घरी बसून होत होतं त्यांचा पगार चालू राहिला. ज्यांचं काम हातापायांचं, त्यांचं गेलं किंवा बदललं.

बदललं म्हणजे काय, ते आपल्या स्टेशनबाहेरच बघ. ट्रॅव्हल्सची दोन दुकानं गेली, तिथे एक पॅथॉलॉजी लॅब आणि एक कुरिअरवाला आला. छोटे क्लासेस मिटले. भिवंडीच्या गोदामांच्या गाड्या सकाळी पोरीबाळींना भरून न्यायला लागल्या, पॅकिंगला. पोळीभाजी केंद्रं तर गल्लोगल्ली. गेलेली नोकरी गेल्या जागी परत येते असं आपण धरून चाललो होतो. ती दुसऱ्याच दुकानात, दुसऱ्याच पगारावर, दुसऱ्याच नावाने आली. तू ट्रॅव्हल्सच्या बिलिंगला होतीस, आता बोलावतेय लॅब. बिल तेच, फक्त तिकिटाऐवजी रक्ततपासणीचं.

आता थोडे आकडे सांगते. मी अकाउंट्सवाली, सवय जात नाही. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा सुमारे २४ टक्क्यांनी घसरल्याचं सरकारने जाहीर केलं. सगळं आडवं झालं, उभी राहिली ती एकटी शेती. नंतर गाडी रुळावर आली. आणि बायकांचा आकडा तर डोळे दिपवणारा. सरकारच्या वार्षिक पाहणीत, १५ वर्षांवरच्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २०१७-१८ मध्ये शंभरात २३ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये जवळजवळ ४२ झाल्या. वाचून मला पेढे वाटावेसे वाटले. मग पुढचं पान उलटलं. काम करणाऱ्या बायकांत ठरावीक पगाराच्या नोकरीत असलेल्या शंभरात २१ होत्या, त्या १६च्या आत आल्या. मग वाढल्या त्या कुठे? शेतात आणि घरच्या धंद्यात. आणि काम करणाऱ्या दर तिघींपैकी एकीहून जास्त जणींची नोंद आहे ती घरच्या शेतीत किंवा धंद्यात मोबदल्याशिवाय मदत करणारी म्हणून. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

बयो, त्या पाहणीचा माणूस उद्या तुझ्या दारात आला, तर तो तुला कुठल्या रकान्यात टाकेल? धंदा कुणाचा विचारलं की तू म्हणशील, "आमचा." पैसे कुणाच्या खात्यात विचारलं की म्हणशील, "ह्यांच्या." मग तो लिहील, मदतनीस. चाळीस डब्यांची मालकीण, आणि मदतनीस.

हे आपल्या घरात पहिल्यांदा घडत नाहीये. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा तू रांगत होतीस. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात आपले बाबा. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही, नुसताच विरत गेला. त्या सगळ्या काळात चाळीतल्या एवढ्याशा खोलीत आईने सहा-सात एकट्या माणसांची खाणावळ चालवली. पहाटे स्टोव्ह पेटायचा तो रात्री दहाला विझायचा. माझी फी त्यातून गेली, तुझं दूध त्यातून आलं. आणि शाळेचा फॉर्म भरताना "आईचा व्यवसाय" या रकान्यात मी माझ्या हाताने "घरकाम" लिहिलं. बाबांच्या रकान्यात लिहिलं "गिरणी कामगार", जिथून दोन वर्षं एक पैसा आला नव्हता. मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं, आणि त्या फॉर्मची मला लाज वाटते.

त्याच मुंबईत प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं, अशाच खाणावळवाल्या बायकांचं. बायकांना गट करून बँकेचं कर्ज त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून द्यायचं, म्हणजे वाण्याच्या उधारीतून आणि सावकाराच्या व्याजातून सुटका. आई तिथे पोचली नाही. तिला वाटलं, हे काय, आज ना उद्या गिरणी चालू होईल, तोवर तात्पुरतं. बघ, तोच शब्द.

आणि त्याच्याही आधीची आपली माणची आत्या. १९७२च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची त्याच्या गोष्टी सांगायची, पण तिच्या बोलण्यात खरा तोरा यायचा तो "मश्टर" या शब्दावर. हजेरीपटावर तिचं नाव होतं. मुकादम मोठ्याने पुकारायचा आणि ती "हाय" म्हणायची. आठवड्याला पैसे तिच्या हातात. बाईला आणि पुरुषाला दर एकच, जेवढं काम तेवढे पैसे. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली रोजगार हमी योजना त्याच काळातली. पुढे महाराष्ट्राने १९७७ साली तिचा कायदा केला, तो १९७९ पासून लागू झाला. तुझ्या जुन्या पगाराच्या पावतीवर "पीटी" म्हणून दोनशे रुपये कापलेले असायचे ना? तो व्यवसाय कर आपल्या राज्याने १९७५ साली बसवला तो याच योजनेला पैसा उभा करायला. म्हणजे ऑफिसात बसलेल्याच्या पगारातून माळरानावरच्या बाईची मजुरी. आता २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो कर माफ आहे, तेव्हा अठरा हजारांतून तो कापला गेला तर विचार. आणि २०२०-२१ मध्ये, शहरं बंद पडून माणसं गावाकडे पायी निघाली तेव्हा, देशभर अशाच रोजगार हमीवर ३८९ कोटी मनुष्यदिवसांचं काम झालं. त्यातलं निम्म्याहून जास्त बायकांनी केलं. आत्या असती तर म्हणाली असती, नाव लागलं का मश्टरवर? मग झालं.

नावाचं महत्त्व मला स्वतःला कसं कळलं, ते मी तुला कधी पूर्ण सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती. एप्रिल २०२० मध्ये माझाही पगार अर्धा झाला. सरकारने पीएफमधून काढायची मुभा दिली होती, तीन महिन्यांचा पगार किंवा खात्यातले ७५ टक्के, यांतलं जे कमी असेल ते. मी अर्ज केला. फेटाळला. का? माझं पीएफचं खातं लग्नाआधीच्या नोकरीतलं, माहेरच्या नावाने. आधार सासरच्या नावाने. आणि माझं तर तुला ठाऊकच आहे, लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने जे नाव लिहिलं गेलं त्यात पहिलं नावसुद्धा बदललं. सगळ्यांनी कौतुकाने वाकून पाहिलं होतं. त्या तांदळाची खीर कधीच संपली, पण बावीस वर्षांनी संगणकासमोर मी एकटी बसले होते आणि तो म्हणत होता, या दोन वेगळ्या बायका आहेत. मालकाच्या सहीचं संयुक्त घोषणापत्र हवं होतं. ऑफिसला कुलूप, लोकल बंद, मालक गावी. पैसे हातात पडायला पाच महिने लागले. तोवर गोठ मोडले. दिवाळीत तू विचारलं होतंस, गोठ कुठे गेले, आणि मी म्हटलं होतं, लॉकरमध्ये. नाही गं, विकले होते.

तेव्हा आता पहिलं काम हे. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, पीएफ, दहावीचं सर्टिफिकेट, सगळं टेबलावर मांड आणि नाव अक्षर न् अक्षर ताडून बघ. जिथे फरक आहे तिथे दुरुस्ती आत्ता करून घे, गरज नसताना. पाऊस लागल्यावर कौलं शाकारायला चढलं की घसरायला होतं.

आता तुझ्या नोकरीचं. अठरा हजार हा आकडा ऐकून हरखू नकोस आणि नाकही मुरडू नकोस. आधी विचार, हातात किती? मूळ पगार बारा हजार असेल तर तुझ्या वाट्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४० रुपये पीएफला जातील. ते कापले म्हणून रडायचं नाही, तेवढेच मालकालाही भरावे लागतात. एकवीस हजारांच्या आत पगार, म्हणजे ईएसआयसी लागू असलेल्या ठिकाणी १३५ रुपये त्याचे. त्यात घरच्यांच्या दवाखान्याची सोय होते. पास, रिक्षा, चहा धरून साधारण पंधरा हजार उरतील. तुझ्या डब्यांतून सगळा खर्च जाऊन तू म्हणतेस बावीस उरतात. पण त्यात तू तुझी मजुरी धरलेली नाहीस. पहाटे साडेचार ते दुपारी दोन, मग संध्याकाळची भाजी निवडणं आणि हिशेब. रोजचे अकरा तास धर, महिन्याचे सव्वीस दिवस, तर ताशी सत्त्याहत्तर रुपये पडतात. नोकरीतही जाणं-येणं धरून अकराच तास. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय ठरवू नकोस.

मग फक्त दोन प्रश्न विचार, पण तोंडी उत्तरावर जाऊ नकोस. एक, पगाराच्या पावतीवर नाव कुणाचं येणार, लॅबचं की मधल्या एजन्सीचं? दोन, पीएफ पहिल्या महिन्यापासून आहे का? कारण तुझी ट्रॅव्हल्समधली सात वर्षं पीएफमध्ये तशीच पडून आहेत. तू ती काढली नाहीस, याबद्दल तुझी पाठ थोपटते, जरी ते केवळ आळसाने झालं असलं तरी. पीएफच्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. यूएएन नंबर जन्माचा एकच. नव्या ठिकाणी तोच द्यायचा, जुनं खातं नव्यात वळवून घ्यायचं, की सात वर्षं जोडली जातात. म्हणजे तुला तीनच वर्षं कमी आहेत. पेन्शनची रक्कम मोठी नसते, पण म्हातारपणी दर महिन्याला ती तुझ्या नावाने येईल, कुणापुढे हात न पसरता.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. लॅबच्या स्वतःच्या पे-रोलवर असेल आणि पीएफ असेल, तर घे. तीन वर्षं डोळे मिटून कर. आणि अकरा महिन्यांचा करार, एजन्सीची पावती, पीएफ "नंतर बघू" असं असेल, तर तुझे चाळीस डबे सोडून तिकडे जाऊ नकोस. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं वय नाही आपलं.

मुलाखतीत ते विचारतील, २०२० नंतर काय केलंत? खाली बघून "घरीच होते" म्हणालीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. सांग, की एका गाळ्यातून रोज चाळीस डबे दिले, खरेदी, उधारी, वसुली, गिऱ्हाइकांच्या तक्रारी सगळं सांभाळलं. लॅबच्या काउंटरवर चिडलेल्या पेशंटशी बोलायला याहून चांगलं शिक्षण कुठलं? पण मग ते म्हणतील, काही कागद? आणि तिथे पुन्हा गाडी त्या स्कॅनरवर येऊन थांबते.

तू धंदा चालवणारच असशील, तर कागदाशिवाय तो तुझा नाही. मागच्या वर्षी मोठा फ्रिज घ्यायला तू बँकेत गेलीस, आठव. त्यांनी स्टेटमेंट मागितलं. तुझ्या खात्यावर काय होतं? भाऊबीजेला मी टाकलेले दोन हजार, एवढेच. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं शिशु कर्ज तारणाशिवाय मिळतं, पण खातं बोलायला तर हवं! चार वर्षांची उलाढाल ह्यांच्या खात्यात गेली, त्यावर त्यांची पत वाढली, त्यांना गाडीचं दुसरं कर्ज मिळालं. तुझी पत शून्यच.

तेव्हा बँकेत जा, तुझ्या नावाने धंद्याचं खातं उघड. उद्यम नोंदणी आधारवर ऑनलाइन होते आणि ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद कर. खाद्यपदार्थांची एफएसएसएआयची नोंदणी छोट्या धंद्याला वर्षाला शंभर रुपयांत होते. मोजकी माणसं असली तर दुकानाची नुसती ऑनलाइन सूचना द्यावी लागते, पूर्वीसारखे गुमास्ता परवान्यासाठी हेलपाटे नाहीत. भाडेकरार संपत आलाय, नवा तुझ्या नावाने कर. हे सगळं दोन आठवड्यांचं काम आहे, रोज दुपारी एक तास. आणि दारावर येऊन आठवड्याच्या हप्त्याने गटाचं कर्ज देणाऱ्यांना मात्र लांबूनच नमस्कार कर.

आपल्या म्हसवडला, आत्याच्याच तालुक्यात, चेतना सिन्हांबरोबर माणदेशी बायका स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा त्यांना परवाना नाकारला गेला, कारण बायका निरक्षर. त्या रडत बसल्या नाहीत, लिहा-वाचायला शिकल्या, परत गेल्या आणि १९९७ मध्ये बँक काढली. त्यांना सही शिकावी लागली. तुला तर फक्त करायची आहे.

आता ह्यांच्याशी बोलायचं कसं, ते तू विचारशीलच. भांडणाने नाही. माणूस चांगला आहे. गाडी उभी होती तेव्हा त्यांनी तुझे डबे खांद्यावर घेऊन चार-चार मजले चढवलेत, मी पाहिलंय. त्यांनी तुझं काही घेतलं नाही. तात्पुरतं होतं, कुणी बदललं नाही, एवढंच. म्हणून हिशोबाने बोल. "दोघांच्या नावावर वेगवेगळी पत तयार होईल, उद्या एकाचं काम थांबलं तर दुसऱ्याच्या नावावर कर्ज मिळेल." साथीने एवढं तर शिकवलंच ना, की एकाच माणसाच्या नावावर सगळं घर टांगू नये. दुसऱ्या लाटेत आपल्या ओळखीतल्या किती जणी उघड्या पडल्या. खाती नवऱ्याच्या नावाची, पासवर्ड त्याच्या फोनमध्ये, आणि फोनला कुलूप. ह्यांना हे सांगताना आवाज कापेल तुझा. कापू दे, पण सांग.

आणि एक. हे तुला सगळ्यात जास्त टोचेल. तुझ्याकडे पोळ्या लाटायला मावशी येतात. २०२० मध्ये त्या चार घरी कामाला होत्या. सोसायट्यांनी फाटकं बंद केली. नंतर दोन घरांनी बोलावलं, दोन घरांनी वॉशिंग मशीन आणि झाडूचं यंत्र घेतलं. २०२१च्या एप्रिलमध्ये राज्याने नोंदणी असलेल्या घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली. मावशींना मिळाली नाही, त्यांचं नाव मंडळाकडे नव्हतंच. आज त्या तुझ्याकडे आहेत. तू त्यांना पगार कसा देतेस? गल्ल्यातून, मोजून, वहीत न लिहिता. त्या तुला मालकीण म्हणतात, आणि त्यांचं नाव तुझ्या वहीत नाही. पुढच्या महिन्यापासून पैसे त्यांच्या खात्यात टाक. ई-श्रमची नोंदणी फुकट होते, एक दुपार त्यांच्याबरोबर बसून करून दे. आपल्याला जे हवंय ते आधी आपल्या हाताखालच्या बाईला द्यावं. आत्याचा मुकादमसुद्धा तेवढं करत होता.

खूप झालं. तुला वाटेल, ताई साध्या प्रश्नाला पुराण सांगते. पण तू विचारलंस अठरा हजार घेऊ का, आणि मला दिसत होता तो काउंटरवर चिकटवलेला कागद. चार वर्षांच्या तेलाने त्याचे कोपरे पिवळे पडलेत. तसाही तो बदलायलाच झालाय.

पुढच्या रविवारी मी येतेय. बारा पोळ्या आणि पाव किलो कोरडी मटकी बांधून ठेव. पैसे मी देणारच, भवानी माझीच. तू मात्र त्या वेळी आत तव्यापाशी राहू नकोस, हात पुसून बाहेर ये. पैसे पाठवण्याआधी पडद्यावर जे नाव येईल, ते मी मोठ्याने पुकारणार आहे. तू आत्यासारखं "हाय" म्हण.

तुझी,
ताई